दीडशेच्या आत

...आणि वर मलाच विचारता, "इथे बसून काय करता?" आता तुम्हीच सांगा, डोंगराच्या वळणावर, घडीच्या खुर्चीत, खुर्चीला छत्री बांधून, हातात हे बटण घेऊन एक माणूस सकाळपासून बसलाय, तो काय मासे धरत असेल? मोजतोय. गाड्या मोजतोय. बसा, सायकली लावा तिथे कठड्याला, पाणी प्या, चढ छातीत भरतो हा, मला ठाऊक आहे. फक्त ती रस्त्यावरची पांढरी रेघ तेवढी मोकळी ठेवा. त्या रेघेवरून इंजिन गेलं की माझा अंगठा खाली जातो, टिक. जाणारी गाडी एक, येणारी एक, तीच गाडी विसरलेली पिशवी घ्यायला परत आली तर आणखी एक. का म्हणून विचारायचं नाही. मी अकरा वर्षांत विचारलं नाही. आपलं काय, आपलं काम मोजायचं.

सायकल? नाही, सायकल मोजत नाहीत. तिथेच तर सगळी गोची झालीय, सांगतो, पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस उन्हानं बिघडला.

गेल्या वर्षी आमच्या रस्ते कार्यालयातल्या साहेबांच्या डोक्यात आलं, डोंगरातल्या शांत रस्त्यांचा नकाशा काढायचा, खास सायकलवाल्यांसाठी. साहेब स्वतः सायकल चालवत नाहीत, साहेब खुर्चीतून उठतात तेसुद्धा दोन टप्प्यांत, पण नकाशा काढायचा. बरं, रस्ता शांत आहे हे ठरवायचं कसं? तुम्ही म्हणाल, जाऊन उभं राहायचं आणि कान द्यायचे. छे छे. साहेब म्हणाले, आणि ते नाकातून बोलतात, "शांतता असून भागत नाही, ती मोजता आली पाहिजे." म्हणून नियम काढला. तीन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, गाड्या दीडशेच्या आत, तर रस्ता शांत. दीडशे झाल्या की वर्दळीचा. म्हणजे एकशे एकोणपन्नासाव्या गाडीपर्यंत पाखरं गातात आणि दीडशेवी दिसली की घसा धरून गप्प बसतात, असं काहीतरी असणार.

पलीकडच्या खोऱ्यातला रस्ता आधीच पास झालेला. राहिला हा. आणि मोजायला कोणाला पाठवलं? मला. खाली ते लाल पत्र्याचं घर दिसतंय ना, निळ्या खिडक्यांचं, ते माझ्या थोरल्या बहिणीचं. मी साहेबांना आपण होऊन सांगितलं, म्हटलं साहेब, तिथे माझी सख्खी बहीण राहते, मी मोजलेलं चालेल का? साहेब म्हणाले, "उत्तम! म्हणजे जेवणाचा भत्ता द्यायला नको."

आता त्या घरातली परिस्थिती ऐका. भाऊजी लाकडाच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडली. मग दोघांनी वरच्या दोन खोल्या तुमच्यासारख्यांसाठी तयार केल्या. चार खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या वर भिंतीत एक दणकट आकडा. का, तर भाऊजींनी कुठेतरी वाचलं की सायकलवाले बायकोला एकवेळ नजरेआड करतील, सायकलीला नाही. म्हणून सायकल उशाशी टांगायची सोय. गादीखाली पंप. माणसानं कूस बदलली की फुस्स आवाज येतो, पण हौस बघा हो. रस्ता नकाशात आला तर माणसं येणार, घर राहणार. नाही तर दोघं खाली शहरात जाणार, भाऊजींना एका गोदामात काम मिळत होतं, बिनखिडकीच्या खोलीत बसून खोक्यांवर शिक्के मारायचं. भाऊजींना! जो माणूस खिडकी बंद असली की जेवत नाही. ताई पहिल्या रात्री वाढताना एवढंच म्हणाली, "छोट्या, नकाशात यायला पाहिजे रे." मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, तरी तिच्यासाठी छोट्याच. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, तिनंच मला वाढवलं. पण म्हटलं, मी काय करणार? आपलं काय, आपलं काम मोजायचं.

पहिला दिवस झकास. बावीस गाड्या. मी खुर्चीत पेंगलोसुद्धा, एका डोळ्यानं.

दुसऱ्या दिवशी खोऱ्यात बातमी गेली की वळणावर एक सरकारी माणूस छत्री लावून बसलाय. झालं. जो तो गाडी काढून बघायला. गाडी रेघेवर थांबणार, काच खाली होणार, "काय मोजता?" "गाड्या." "किती झाल्या?" "तुमची धरून एकतीस." "अरे वा!" म्हणून वळून परत, ती बत्तीस. घरी जाऊन सांगणार, की मग मेव्हणा निघाला, तेहेतीस, चौतीस. एका बाईंनी तर सासूला मागच्या सीटवर बसवून आणलं, "बघा आई, हेच ते." मी काय जिराफ आहे? दिवसाअखेर एकाहत्तर. दोन दिवसांचे मिळून त्र्याण्णव.

ताईचा चेहरा उतरला. मग गावाला कळलं काय पणाला लागलंय ते, आणि गाव चांगलं हो, गाव एकदम ताईच्या बाजूनं. तिसऱ्या दिवशी कोणीही गाडी काढायची नाही, ठरलं. बंदोबस्त कोणाकडे? निवृत्त हेडमास्तरांकडे. इथेच घात झाला.

सकाळी आठ. शांत. नुसता वारा. सव्वाआठला एक गाडी आली. हेडमास्तर. काच खाली. "एकही गाडी नाही ना?" म्हटलं, "फक्त तुमची, सर." "माझी धरू नका, मी बंदोबस्तावर आहे." सर, बंदोबस्ताला इंजिन आहे! टिक. वर गेले, खाली आले, टिक. असे दिवसभरात अकरा वेळा गेले आणि अकरा वेळा आले, कोणी गाडी काढत नाही ना ते बघायला. मग दूधवाला. टेम्पो घेऊन आला, थांबला, "साहेब, आज मी येणार नाही, एवढंच सांगायला आलो." टिक. आणि वरच्या सगळ्या घरांना हे सांगायला तो टेम्पो घेऊन घरोघर गेला, एक वळणाच्या वर, एक खाली, एक वर, एक खाली. रोज दोनदा जाणारा माणूस, त्या दिवशी न येण्यासाठी अठरा वेळा गेला. बाकीची पंधरा-सोळा हेडमास्तरांना, "सर, जरा कमी फिरा" सांगायला गाडी घेऊन मागे लागलेली माणसं.

पाच वाजायला दहा मिनिटं. आकडा एकशे एकोणपन्नास. मी म्हटलं, नाही ना येत कोणी... नाही. पाच वाजायला पाच. पाखरू बोललं. तीन. माझा जीव भांड्यात पडायला लागला हो, आणि तेवढ्यात खालून घरघर. ताईची व्हॅन. मला सकाळपासून चहा नाही म्हणून थर्मास घेऊन निघालेली. मी खुर्चीवर चढलो, दोन्ही हात वर करून नाचवले, थांब, थांब! तिला वाटलं, जिंकलो. तिनं आनंदानं हॉर्न वाजवला आणि रेघेवरून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

टिक.

तुम्ही म्हणाल, दाबायचं नव्हतं. अहो, अकरा वर्षांचा अंगठा आहे, तो मला विचारतो का? आणि हे यंत्र मागे फिरत नाही. ताई उतरली, हसत म्हणाली, "झालं ना?" मी म्हटलं, "झालं." मग तिनं आकडा बघितला. थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला, माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "ताई, एक कमी लिहितो, कोण बघतंय?" तर म्हणाली, "आले ना मी? मग धर मला. खोटं लिहायला नाही वाढवला तुला." तो चहा मला अजून आठवतो. साखर घालायची विसरली होती.

रस्ता वर्दळीचा ठरला. नकाशात फक्त पलीकडचं खोरं. नकाशा छापला, वाटला, आणि मग जे व्हायचं तेच झालं. शांत रस्ता बघायला सगळं शहर तिकडे. सायकली बसगाड्यांच्या टपांवर, सायकलवाल्यांच्या मागे त्यांच्या सामानाच्या गाड्या, त्यांच्या मागे त्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या, आणि पाटी, 'शांतता राखा', ती वाचायला थांबलेल्या गाड्यांची वेगळी रांग. भाऊजींचं सामान बांधून झालेलं, भिंतीतले आकडे काढायला ते शिडीवर चढलेले, आणि दारात दोघं सायकलवाले, धुळीनं माखलेले, कुजबुजत, "हा रस्ता नकाशात नाही ना?" भाऊजी शिडीवरूनच म्हणाले, "नाही हो, वर्दळीचा आहे." "किती छान," म्हणाले, आणि चार दिवस राहिले. त्यांनी हळूच मित्रांना सांगितलं, त्यांनी तुम्हाला. तेव्हापासून खाटा रिकाम्या नाहीत, गोदाम राहिलं तिकडेच, आणि भाऊजींनी खाली दुकान टाकलंय, गावातल्या माळ्यांवरच्या झाडून सगळ्या सायकली त्यांनी खाली उतरवून दुरुस्त केल्या.

मग मी आज इथे का? कारण पलीकडचा रस्ता पुन्हा मोजला, एका दिवसात नऊशे. नकाशात जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, "तुमच्या बहिणीचा रस्ता एकानं हुकला होता ना? बिचारी. जा, या वेळी बसवून टाकू." काय बोलणार? आपलं काय, आपलं काम मोजायचं. आलो. ताईला सांगितलं, तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "छोट्या, नकाशात येता कामा नये रे." म्हणजे आता दीडशे व्हायलाच पाहिजेत! गाव पुन्हा ताईच्या बाजूनं. सगळ्यांनी गाड्या काढायच्या, दिवसभर फिरवायच्या, ठरलं. बंदोबस्त हेडमास्तरांकडे.

आज तिसरा दिवस, साडेचार वाजलेत, आणि आकडा किती? एकतीस. हेडमास्तर तीन दिवसांत वीसदा आले, सायकलवरून. वर्षभर गाडी बंद, बॅटरी गेलीय, "पण सायकलनं गुडघे बघा कसे सुटलेत!" दूधवाल्यानं टेम्पो विकला, सायकलच्या मागे गाडा जोडलाय, घंटी वाजवत जातो. उगाच बटण दाबत बसा म्हणता? सकाळी बघितलं करून. गाडी नसली तर अंगठा खालीच जात नाही, आणि गेला असता तरी ताईला तोंड कुठलं दाखवू?

बघा, ती बघा आलीच, थर्मास घेऊन. सायकलवर. ताई, अगं व्हॅन कुठाय? काय म्हणतेस? कोंबड्या अंड्यांवर बसल्यात व्हॅनमध्ये, उठवू कशी? बरं. बरोबर आहे. आली बघा रेघेवर... गेली. अंगठा हललासुद्धा नाही.

घ्या, चहा घ्या सगळ्यांनी, घाई करू नका, आणखी जरा बसा. पुढच्या वर्षी इथे टेकायला जागा मिळायची नाही.