इतका तपासलेला माणूस

नाही, आजारी पडायला माझी ना नाही, माणसं पडतातच आजारी, पण आजारपणाचा तोरा मिरवणारा नवरा तुमच्यापैकी कुणाच्या घरात असेल तर हात वर करा... नाही ना? मग ऐका. आमचे हे. लहानपणी ताप आला आणि त्यात यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली, आणि त्या अरुंद झडपेतून रक्त जाताना जो आवाज येतो तो म्हणे इतका स्पष्ट, इतका सुरेख, की पुस्तकात दिलाय अगदी तस्सा. हे मी नाही म्हणत, मेडिकल कॉलेजचे मोठे सर म्हणाले, आणि म्हणाले ते यांच्या तोंडावर. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात हृदयरोग नाही, आमच्या घरात कला आहे.

तर तुम्हाला सांगते, डॉक्टर होणाऱ्या पोरांची शेवटची परीक्षा असते ना, तिला खरेखुरे पेशंट लागतात. पोराने पलंगापाशी यायचं, अर्ध्या तासात पेशंटला विचारायचं, तपासायचं, आणि मग सरांना सांगायचं की याला काय झालंय. पेशंटने रोगाचं नाव सांगायचं नाही, हा नियम. तर वर्षातून दोनदा परीक्षा, आणि दोन्ही वेळेला यांना बोलावणं, एकोणीस वर्षं! आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री, जो तिथे गेल्या गेल्या काढायचाच असतो, आणि नवा बनियन, जो पण काढायचा असतो. लग्नाला जाताना यांनी एवढी तयारी केली नाही. स्वतःच्या लग्नाला जाताना म्हणतेय मी.

यांचं काम पडदे शिवायचं. सगळे यांना मास्तर म्हणतात. पलंगावर पडल्या पडल्या आधी दवाखान्याच्या पडद्याला नावं ठेवणार, शिवण उसवलीये, कापड आटलंय, झालर कुणी आंधळ्याने लावलीये का... आणि त्याच पडद्याच्या बाहेर स्टुलावर मी बसलेली, कारण जिना चढताना यांना धाप लागते, सोबत कुणीतरी हवं. त्यामुळे आत काय चालतं ते मला शब्दन् शब्द ऐकू यायचं.

आणि आत काय चालायचं? फुटलेला पेपर! हे स्वतः शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तीनदा आपटले, चौथ्यांदा बसलेच नाहीत, थेट मशीनवर बसले. त्यामुळे परीक्षेला आलेलं पोर दिसलं की यांना गलबलून येतं. पोर आत आलं, ती कानातली नळी उलटी लावलीये... की हे हळूच सुरू. "बाळ, घाबरायचं नाही. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडप अरुंद. म्हण बघू. हां. पहिला ठोका मोठा सांगायचा. आता मी डाव्या कुशीवर वळतो, श्वास सोडून धरतो, तू नळी इथे ठेव, इथे, बोट ठेवलंय तिथे. गडगड ऐकू येईल. नाही आली तरी आली म्हण."

नाही आली तरी आली म्हण! मग काय, ते पोर दोन मिनिटं नळी लावल्यासारखं करणार आणि उरलेला वेळ तोंडातल्या तोंडात पाठ करत बसणार. एकोणीस वर्षांत यांच्या पलंगावर एकही पोर नापास झालं नाही. वसतिगृहात म्हणे यांच्या पलंगाला "काकांची शिडी" म्हणायचे, आणि ती मिळावी म्हणून पोरं देव पाण्यात घालून बसायची. आणि हे घरी येऊन मला ऐकवायचे, "या परीक्षेला सव्वीस डॉक्टरांनी तपासलं. माझ्याइतका तपासलेला माणूस अख्ख्या गावात दाखव मला."

काय दाखवणार? खरंच वाटायचं मला. इतका तपासलेला माणूस.

मग गेली दोन वर्षं यांचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं. ताट सारायचे, ढेकर द्यायचे, खिडकीत जाऊन उभे राहायचे. मी म्हटलं, अहो, स्वयंपाक बिघडतोय का माझा? नाही म्हणाले. मी म्हटलं, दाखवून या कुणाला तरी. तर डोळे वटारून, "दाखवून? मला? वर्षाला पन्नास जण तपासतात मला!" पँट ढिली झाली. मी कंबर आत घेतली, मशीन काय घरातच. पुन्हा ढिली झाली, पुन्हा घेतली. चार वेळा घेतली तुम्हाला सांगते, त्याच पँटीची कंबर, आणि चौथ्या वेळेला मला वाटलं काय माहितीये? कापड सैल पडत चाललंय. कापड!

तरी एकदा ओढत नेलं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी फाइल उघडली, मोठ्या सरांची सही बघितली आणि खुर्चीत सरळच झाले. "अरे वा, हे तर सरांचे पेशंट. मग आम्ही काय वेगळं सांगणार, काकू? हृदयाच्या गोळ्यांनी भूक मंदावते." आणि मोठे सर परीक्षेला भेटले की काय विचारायचे? "काय मास्तर, आवाज कसा आहे?" आवाज ठणठणीत होता हो. माणूस वाळत चालला होता.

मग गेल्या परीक्षेला ती मुलगी आली. बुटकी, जाड चष्मा, आत येऊन आधी म्हणाली, "काका, हात गार आहेत माझे, चालेल ना?" हे लगेच सुरू, "बाळ, घाबरायचं नाही. मायट्रल..."

"काका, प्लीज, सांगू नका."

यांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा सुरू. तर म्हणते कशी, "काका, मी कान झाकून घेईन हं. मला बघू द्या."

एकोणीस वर्षांत यांचा असा अपमान झाला नव्हता. फटीतून बघते तर तोंड एवढंस्सं. आणि ती मुलगी अगदी नखांपासून सुरुवात करते. नखं बघते, पापणी खाली ओढून डोळे बघते, जीभ बघते. यांना दम निघेना. "पोरी, हृदय छातीत असतं. वेळ चाललाय तुझा."

"हो काका. भूक कशी आहे?"

"भुकेचा इथे काय संबंध?"

आता मला राहवेना. मी बाहेरूनच म्हटलं, "नाही लागत भूक. दोन घासांत पोट भरतं."

"तू गप्प बस," हे आतून.

"आणि वजन, काकू?" ती मुलगी आतून मला विचारते, मला! इतक्या वर्षांत त्या पडद्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वजन नाही माहीत, पण पँट चार वेळा आत घेतलीये." मग तिचा आवाज आला, जरा हळू. "काका, मानेला हात लावते. ही... इथली गाठ कधीपासून आहे?"

"कसली गाठ?" हे म्हणाले. आणि तुम्हाला सांगते, तो आवाज मी ओळखला. शाळेचा निकाल लागला तेव्हा याच आवाजात बोलले असतील.

मग तिने पोट दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, किती वेळ दाबत होती, आणि घंटा वाजली. ती नळी गळ्यातच राहिली तिच्या. छातीला लावलीच नाही. मोठे सर आले, खूष होते, यांचा पलंग म्हणजे त्यांना विश्रांतीच. "हं, डॉक्टर, सांगा, पहिला ठोका कसा आहे?"

"सर, हृदय ऐकायचं राहिलं."

हे पलंगावरून खोकतायत. दोन्ही हात पसरून 'मोठा, मोठा' अशा खुणा करतायत सरांच्या पाठीमागून. ती बघेचना. म्हणाली, "सर, डाव्या बाजूला गळ्याच्या हाडावर गाठ आहे, कडक. भूक गेलीये, वजन उतरलंय, पोटात वरच्या बाजूला हाताला काहीतरी लागतंय. मला वाटतं..." आणि तिने पडद्याकडे बघितलं, मी जिथे बसले होते तिथे, आणि थांबली.

"मी यांना एकोणीस वर्षं ओळखतो," सर म्हणाले.

तरी त्या गाठीवर दोन बोटं टेकवली त्यांनी. टेकवली आणि उचललीच नाहीत. मग यांचा शर्ट खुर्चीवरून स्वतः उचलून यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तर, घाला. आज पुरे."

मग काय विचारता... घशातून कॅमेरा घातला, फोटो काढले, गाठीचा तुकडा काढला. पोटात कॅन्सर. यकृतापर्यंत पोचलाय. पोटाचे डॉक्टर म्हणाले, पसरलाय, आणि ऑपरेशन करायचं म्हटलं तरी यांचं हृदय भूल सोसणार नाही, हृदयवाल्यांना विचारा. हृदयवाले म्हणाले, हृदय आहे तसंच आहे हो, एकोणीस वर्षं, पण पोटाचं आम्ही कसं सांगणार. या मजल्यावरून त्या मजल्यावर, फाइल माझ्या काखेत. शेवटी मोठे सर मला म्हणाले, "वहिनी, दीड वर्षापूर्वी आले असते तर काहीतरी करता आलं असतं."

दीड वर्षापूर्वी? अहो, आले होते की! दीड वर्षात तीनदा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तुमच्याच पलंगावर उघडे झोपले होते. हे मी मनात नाही म्हटलं, तोंडावर म्हटलं. सरांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं. कारण मशीनवर कंबर आत घेणारी मीच ना? सव्वीस-सव्वीस जणांनी हृदयाची जागा सोडून चार बोटं पलीकडे हात लावला नाही, आणि मी तर सुई-दोरा घेऊन तो आजार झाकत बसले. त्याचा राग कुणावर काढू? इतका तपासलेला माणूस, आणि त्याला बघितलं कुणी? एका नापास मुलीने.

हो, नापास. हृदयाचा प्रश्न होता, हृदय ऐकलंच नाही, गुण कशाचे द्यायचे? हे तडक सरांच्या खोलीत, धापा टाकत. "सर, ती एकटीच शिकलीये त्यात. बाकीच्यांना मी पास केलंय, माझे गुण कापा." सर म्हणाले, "मास्तर, नियम आहे." घरी येऊन रागाने जेवले नाहीत. तसे जेवतच नव्हते, पण त्या दिवशी रागाने.

तिची फेरपरीक्षा सहा महिन्यांनी आहे. हे म्हणाले, जाणार. तिला माझाच पलंग द्या म्हणून सरांना सांगणार, आणि या खेपेला अवाक्षर काढणार नाही, ऐकू दे तिला नीट, तिचं तिला. तेवढ्या एका गोष्टीवर यांचा जीव अडकलाय. आणि इकडे मोठ्या सरांनी मला बाजूला घेऊन एक आकडा सांगितला, महिन्यांचा. यांना सांगू नका म्हणाले. तो आकडा सहापेक्षा बराच लहान आहे.

आता रोज सकाळी हे मला विचारतात, "काय म्हणाले सर?" मी म्हणते, काही नाही, आराम करा. जन्मभर लोकांना उत्तरं सांगितलेला माणूस, त्याला न सांगणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. परवा म्हणाले, "बरं, हिंट तरी दे."

मी पँटीची कंबर उसवत होते, पाचव्यांदा आत घ्यायला. मान वर केली नाही. म्हटलं, "त्या मुलीला परीक्षेपर्यंत कशाला थांबवता? येत्या रविवारी घरीच बोलवा की शिकायला."

यांनी माझ्या हातातल्या पँटीची कंबर बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "सकाळी दहाला ये म्हणावं. दुपारी मला झोप लागते."