दोन आजोबा

"ह्या उन्हात माणूस स्पॅनिश व्हायच्या आधी वाळून जायचा!"

हवानातल्या स्पेनच्या वकिलातीबाहेरच्या रांगेत "शेवटचं कोण?" असं विचारून नेरेइदा ज्याच्या मागे उभी राहिली, तो म्हातारा एलेउतेरिओ बायकोजवळ कुरकुरत होता.

"टोपी घाल म्हटलं होतं ना," सोराइदा म्हणाली.

"टोपी घातली की मी स्पेनहून आलेल्या त्या आजोबासारखा दिसतो."

"मग घालच! त्याचा नातू म्हणूनच तर नागरिकत्व मिळायचंय, तेच पटवायचंय वकिलातीतल्यांना."

"जन्मभर त्याला दुधात पाणी घालणारा वाणी म्हणून शिव्या घातल्या."

"आणि आता रोज त्याच्या फोटोपुढे फुलं. मीच ठेवते ना!"

"आणि आईकडचे आजोबा? कोयता घेऊन ह्याच स्पेनशी लढले ते. भिंतीवर पदक आहे त्यांचं."

"निघताना उलटं करून आले. आपल्याला इथे आलेलं आजोबांनी बघायला नको."

नेरेइदाला हसू आवरेना. तिच्या घरीही असाच एक फोटो माळ्यावरून खाली आला होता.

"तुझं नागरिकत्व झालं की पोराचं होईल, मग नातीचं. मग जातील ती स्पेनला," सोराइदा म्हणाली.

"हं."

"थंडी फार असते म्हणे तिकडे. पोरीला जाड कोट लागेल."

"लागेल."

"आपण जाऊच की भेटायला."

"जाऊ की. दर वर्षी जाऊ."

"सरक पुढे, म्हाताऱ्या, दार उघडलं."

एलेउतेरिओ जागचा हलला नाही.

"सोराइदा, आपले कागद नामंजूर झाले तर बरं होईल गं."

"पदक उलटं करताना," ती म्हणाली, "मी आजोबांकडे तेच मागितलं."