राखेतला उमामहेश्वर

“हॅलो?… हॅलो?… वहिनी, ही नळी कोणत्या कानाला लावायची?… कोणत्याही? बरे… हॅलो? हो, मी हरेश्वरशास्त्री. आपण कोण?… कोण?… अहो, दौलतशेठ! रेवदंड्याहून केव्हा आलात?… काल? आता सारे गाव मुंबई सोडून पळते आहे आणि तुम्ही परत आलात?… हो, हो… काय म्हणता?… मोठ्याने? अहो, मी मोठ्यानेच बोलतो आहे. रुद्र म्हणतानाही मला एवढा आवाज लागत नाही!”

गिरगावातल्या जयवंतराव वकिलांच्या दिवाणखान्यात ते बोलके यंत्र भिंतीवर चढून वर्ष होत आले होते. पण तेथे रोज सकाळी गीता सांगायला येणाऱ्या हरेश्वरशास्त्र्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. आज मात्र पोथी उघडली न उघडली तोच यंत्र किणकिणले, आणि वकिलांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, तुम्हांला कोणी बोलावते आहे.” बोलावणारे होते झवेरी बाजारातले दौलतशेठ सराफ. स्वतःच्या पेढीत यंत्र नसल्यामुळे ते शेजारच्या कापूसवाल्याच्या पेढीतून ओरडत होते.

“काय? चोर?… कोणता चोर?… माझ्या घरी? छे हो, माझ्या घरी चोरी झालेली नाही… पेटी? पेटी देवघरात आहे… आहे, कुलूपही आहे… होन? कोणता होन?…”

शास्त्रीबुवा यंत्राच्या आणखी जवळ सरकले.

“उमामहेश्वराचा?… आत्ता तुमच्या हातात आहे?… तोच कशावरून?… हो… हो, कस पाहायला तुमच्या वडिलांनी कडेला छिन्नी लावली होती खरी… ती खूण आहे? मग तोच. विजयनगरचा. माझाच तो… होता.”

त्या ‘होता’पाशी आवाज उतरला, तो पलीकडे पोहोचला नसावा.

“कोणी आणला म्हणता?… सोनापूरच्या स्मशानातल्या माणसाने?… दगडू. बरे. आणि तुम्ही त्याला बसवून ठेवलेत?… शिपायाला बोलावणे गेले?… नाही, नाही! दौलतशेठ, आधी ते थांबवा… अहो, ऐका ना. मी नाणे कधी विकत नाही हे खरे. पण म्हणून ते चोरलेलेच ठरते का?… सांगतो, सारे सांगतो. आधी माणूस धाडा शिपायामागे. जा, मी नळी धरून उभा आहे.”

पलीकडे शांतता झाली. तारेत नुसती गूं गूं चालली होती. शास्त्रीबुवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दसऱ्याला लोक आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. हरेश्वरशास्त्री वर्षभराच्या दक्षिणेतून साठवून त्या दिवशी खरे सोने घरी नेत. पण दागिना नव्हे. कधी बादशाही मोहोर, कधी व्हेनिसचे पुतळीचे नाणे, कधी एखाद्या विस्मृत राजाचा होन. मुशीत जाणारे जुने नाणे दौलतशेठ त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवीत. म्हातारपणी नवराबायको दोघांनी काशीला जायचे, ती बेगमी त्या पेटीत होती. आणि शास्त्रीबुवांचे सारे लाडही त्याच पेटीत होते. मूलबाळ नव्हते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नाणी पाटावर मांडली जात, दोघे त्यांच्यापुढे बसत, आणि शास्त्रीबुवा एकेका राजाची कुळकथा सांगत.

यंदाच्या पौषात गाठीच्या तापाने त्यांची पत्नी गेली. मंत्राग्नी देऊन होतो न होतो तोच प्लेगच्या शिपायांनी संशयित म्हणून शास्त्रीबुवांना धरले आणि गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊन ठेवले. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला त्यांना कोणी सोडले नाही. सुटून आले तेव्हा सोनापुरात ती जागा झाडून लख्ख झाली होती आणि तिच्यावर दुसरीच चिता जळत होती. पुढे दर्भाची प्रतिमा करून त्यांनी विधी उरकला. शास्त्रात त्याला आधार होता. पण तिच्या अस्थी कोठे गेल्या, कोणत्या उकिरड्यावर पडल्या, हा प्रश्न शास्त्राने सुटेना.

“हॅलो?… हो, आहे मी. परतवला शिपाई?… छान झाले… का म्हणजे? तो चोर नाही म्हणून. तो होन मी माझ्या हाताने दिला… अहो, विकला नाही! तुम्हांला टाकून मी दुसरा सराफ करीन का? रुसता कसले?… दिला म्हणजे… आमच्या कुटुंबाला दिला… हो, घरातच… तिने कोणाला दिला?… दौलतशेठ, तुम्हांला कोणी कळवले नाही का?… ती गेली… गेली… माहेरी नव्हे हो… दौलतशेठ, वारली ती. याहून मोठ्याने मला सांगता येणार नाही.”

दाराशी उभ्या असलेल्या शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. आतल्या घरात चाललेला भांड्यांचा आवाज थांबला.

“हो… पौषात… तोच ताप. सकाळी तुळशीला पाणी घातले, आणि दुसऱ्या दिवशी… हो… अहो, रडू नका. तुम्ही रडलात की यंत्रात नुसती खरखर येते… हो, आठवते ना. ‘सवतीचा भाऊ’ म्हणायची तुम्हांला. पेटी ही तिची सवत, आणि तुमची पेढी हे सवतीचे माहेर… अनारसे? हो, तुमच्यासाठी म्हणून वेगळे काढायची. म्हणायची, सवतीचा असला तरी भाऊ आहे, तोंड गोड करावे लागते.”

शास्त्रीबुवा हसले. हसू ओठांवरून गेले तरी मान तशीच हलत राहिली.

“आता नीट ऐका. जाणाऱ्याच्या मुखात सोने घालायचे असते, हे तुम्हांला मी सांगायला नको. शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या, एक कण पुरे. मी पेटी उघडली… हो, होती ना. झिजलेली पुतळी होती, तुटकी मोहोर होती. पण तिला अक्षरओळख नव्हती, दौलतशेठ. माझे राजे तिला सगळे सारखेच. एवढे एकच नाणे ती ओळखायची. म्हणायची, ‘हे बघा, दोघं कशी एका आसनावर बसली आहेत. नाहीतर तुम्ही! पोथी घेऊन ओसरीवर, आणि मी चुलीपाशी.’… हो… म्हणून तेच दिले… ठाऊक आहे मला, दुसरे मिळणार नाही. त्याच्यासाठी मी किती दसरे कोरडे घालवले, ते तुम्हीच पाहिले आहे.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे चालले. शास्त्रीबुवा “हं… हं…” करीत राहिले. मग, विचारू नये ते विचारावे तसा, त्यांनी यंत्राजवळ तोंड नेऊन हलक्या आवाजात प्रश्न केला, आणि अर्थातच तो पुन्हा मोठ्याने विचारावा लागला.

“दिसतो कसा, म्हणतो मी!… राजाचे नाव वाचता येते?… स्पष्ट?… आणि पुढली बाजू?… वितळली… अगदी? आसन तरी?… नाही. दोघेही नाहीत… बरे… नाही, काही नाही. बोला तुम्ही… पाठवू नका. नको मला… अभिमान कसला हो त्यात? मन होत नाही असेही नाही. होते. आत्ता येथे उभा आहे तर हात आपोआप पुढे होतो आहे. चाळीस वर्षांची सवय आहे ती, अशी मरत नाही… पण एकदा दिले ते दिले. आणि चितेची राख धुऊन निघालेले सोने राख धुणाऱ्याचे, हा सोनापुराचा रिवाज तुम्हां सराफांना माझ्याहून अधिक ठाऊक… मग? त्याला होनाचे मोल द्या, नुसत्या वजनाचे नको. आणि चोर म्हणालात त्याबद्दल दोन शब्द… हो, तुम्हीच. त्यात काय गेले तुमचे?… बरे, बरे. येईन एकदा पेढीवर… हो. ठेवतो मग.”

नळी कानापासून निघाली. यंत्राच्या आकड्यापाशी पोहोचता पोहोचता ती थांबली. ज्याच्या हाती तो होन लागला त्याच्या हातून ती राखही गेली असली पाहिजे! इतका वेळ नाण्याचीच चर्चा चालली होती, आणि ही साधी गोष्ट एवढ्या पढिक माणसाच्या ध्यानात आली नव्हती. शास्त्रीबुवांनी नळी दोन्ही हातांनी कानावर दाबली.

“दौलतशेठ! ठेवू नका! हॅलो?… आहात? देवा!… त्या दगडूला बोलवा. या यंत्रापाशी… हो, मला बोलायचे आहे त्याच्याशी… पायरीवर बसला आहे तर वर घ्या… पेढीवाले येऊ देणार नाहीत?… विटाळ? अहो, कापसाची पेढी ती, गाभारा का आहे? त्यांना सांगा, हरेश्वरशास्त्र्यांनी आयुष्य धर्मशास्त्रात घालवले, पण तारेतून विटाळ चालत येतो असे वचन त्यांना कोठे आढळले नाही… नळी तुम्ही धरा त्याच्या कानाशी, म्हणजे झाले… प्रायश्चित्त लागलेच तर ते माझ्या माथी… दौलतशेठ, मी आजवर तुमच्याकडे नाण्यांखेरीज काही मागितले आहे का?… मग एवढे करा.”

तारेत पावले वाजली, कोणाची तरी कुरकुर ऐकू आली, आणि मग कोणाचा तरी श्वास.

“हॅलो?… दगडू का?… घाबरू नकोस, बाबा. कोणी काही करणार नाही तुला… त्या डब्यात बोल, डब्यात… मी? ज्या बाईच्या राखेत तुला ते नाणे मिळाले, तिचा मी धनी… नाही रे, नाणे नको मला. ते तुझे. शेठ मोल देतील, ते घे… अरे, पाया कसला पडतोस? येथून दिसतही नाही मला. ऐक. ऐक ना, बाबा. ती चिता तुला आठवते?… भिंतीजवळची, हो… हिरव्या लुगड्यातली सवाष्ण… तीच. हो… खांदा द्यायलाही माणसे नव्हती, खरे आहे… तो उपरणेवाला मीच. शिपायांनी ओढून नेले तो मीच.”

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

“तिसऱ्या दिवशी? येऊ दिले नाही रे मला… तू वाट पाहिलीस?… संध्याकाळपर्यंत?… आणि नाणे इतके दिवस घरात ठेवलेस?… धनी विचारायला येईल म्हणून… आता घरात आजारी आहे, म्हणून काढलेस. हो, हो. चुकले नाही तुझे. मुळीच चुकले नाही… दगडू, मग अस्थी?… अस्थींचे काय केलेस?… मोठ्याने, बाबा. म्हाताऱ्याचे कान आहेत… मडक्यात… फडक्याने तोंड बांधून… भरती पाहून… रुळांपलीकडे, समुद्रात… तू स्वतः?… कमरेइतक्या पाण्यात?…”

मडके उकिरड्यावर गेले नव्हते. शास्त्रीबुवांनी कपाळ भिंतीला टेकले. चुन्याचा पांढरा डाग कपाळाला लागला. तो पुसण्याचे भान त्यांना राहिले नाही.

“सोडताना काही म्हणालास का?… मंत्र नाही रे, मंत्र तुला कोठून येणार… नाव घेतात तुमच्यात? मग?… ठाऊक नव्हते. कसे असणार!… मग काय म्हणालास?… पुन्हा सांग… ‘माये, सुखान जा.’…”

शांताबाई पुढे सरसावल्या, तशी शास्त्रीबुवांनी हातानेच त्यांना थांबवले.

“आहे, आहे मी… नाही, रागावलो नाही. कशाला रागावेन? मीही पोथी उघडून, संकल्प सोडून, शेवटी तेवढेच म्हणालो असतो… काय?… का रे?… सर्वपित्रीला घास टाकताना? तू टाकतोस?… ज्यांना ज्यांना तू पाण्यात सोडलेस, त्यांच्यासाठी?… आणि तिचे नाव नाही म्हणून अडते?”

त्या काळी चार माणसांत बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती. चाळीस वर्षे शास्त्रीबुवांनी तिला ‘अगं’ म्हटले, ‘ऐकलेस का’ म्हटले, लोकांपाशी ‘आमचे कुटुंब’ म्हटले. श्राद्धाच्या संकल्पातही ते नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत उच्चारले होते. आता दारात वकिलांचे सारे घर गोळा झाले होते. शास्त्रीबुवांनी यंत्राला तोंड लावले.

“कालिंदी… नाही आले ऐकू?… कालिंदी!… नदीचे नाव आहे, बाबा. का… लिं… दी!… हो… आता तू म्हण… हो. तसेच… पुन्हा एकदा म्हण… हो… हो… ठेवतो.”