रमणदादाची मुकादमी

माझ्या मावसभावाचं, रमणदादाचं ऐकलंत ना? इतकी वर्षं डहाणूला चिकूच्या वाडीत तोडणीला जायचा. यंदा मालकाने मुकादम केलं. म्हणजे झाडावर दुसऱ्यांनी चढायचं, याने खालून काम सांगायचं. पण दादाला राहवेना.

त्या दिवशी टोळीतला सुनील म्हणाला, "दादा, शेंड्याचे चिकू मी काढतो."

"तू चढशील तोवर मी उतरीन," म्हणत दादा चढला, आणि फांदी मोडून खाली आला. कंबर कायमची गेली.

परवा वाडीत भेटलो. दादा खुर्चीत बसलेला, तोडणी जोरात चाललेली. धीर द्यायला मी म्हटलं, "बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही."

तो झाडाकडे बघत राहिला.

"नाही अडलं," म्हणाला. "कमरेपेक्षा तेच जास्त दुखतं रे."