मागे उभा राहणारा

जिममध्ये पाण्यासाठी रांग होती. माझ्यापुढे घामाघूम झालेले एक काका आणि नवा ट्रेनर बोलत होते.

"काका, हात केवढे थरथरतायत!"

"आधी जड वजन चार-पाचदा उचललं की सुटका असायची. आता हलकं, पण वीस-वीसदा. जीव निघतो रे."

"दंड पेटतील थोडे दिवस, मग सरावतील. पण बदललंत कशाला?"

"जड उचलताना मागे माणूस लागतो, बार अडकला तर धरायला."

"कोण असायचं?"

"धाकटा भाऊ. 'दादा, अजून एक' म्हणून डोकं उठवायचा."

"आता येत नाहीत?"

"हलकं एकट्याला झेपतं."

"उद्यापासून मी उभा राहतो ना मागे."

"नको रे बाबा. तुझीही सवय लागायची."