उन्हात टिकला तो फोन

लिवा ताई, नाव हेमा, माहेर चिंचणी, सासर मुरबे. बापूस होडीवर खलाशी होता, आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची आणि मी तिच्या मागं मागं, पण ओरडायचं काम माजं, कारण आईचा आवाज बारीक आणि माजा कसा हाय ते तुमी ऐकताच हाय, मी हाक मारली की गल्लीतली मांजरं आदी यायची आणि बाया मागून. शाळा झाली थोडी, लिवायला वाचायला येतं, हिशोब तोंडी. मंग लगीन होऊन मुरब्याला आले. आमचे हे, म्हंजे माजा नवरा, घरच्याच बोटीवर तांडेल हायत, म्हंजे बोट हाकणारे मुख्य, बोट त्यांच्या बापसाची. आणि घरात सासू, पार्वताय. काय सांगू तुमाला, सगळा किनारा तिला टरकून असतो, पण एकाच माणसापुढं ती गप्प, तो म्हंजे शेठ.

शेठ म्हंजे मासळीचा व्यापारी, टेम्पो घेऊन किनाऱ्यावर यायचा. बोट लागली की त्याचा माणूस पापलेट उचलणार, दाबणार, नाक मुरडणार आणि भाव बोलणार. भाव त्यानं बोलायचा, मान आमी हलवायची, अशी रीत. मी नवीन नवरी, एकदा विचारलं सासूला, आये, मासळी आपली, दर्यात जीव आपल्या माणसांचा, मंग भाव तो कोण सांगणार? तर ती बोलली, बर्फ हाय तोपर्यंत तुजी अक्कल चालते, वितळला की शेठच लागतो. खरं होतं ते. मासळी थांबत नाय ना कोणासाठी.

पण माजं डोकं स्वस्थ बसणारं नाय. वाटणीची थोडी मासळी घेऊन मी सरावलीला जायचे, तिथं कारखान्यातल्या कामगारांच्या बिल्डिंगी हायत, बंगाली, बिहारी, ओडिया, सगळे मासळी खाणारे. त्या बाया बोलायच्या, दीदी, बोट आयेगी तो फोन पे दिखाना. मंग मी किनाऱ्यावरून फोन लावून दाखवायला लागले, एकीला दाखवलं, दुसरी बोलली मला पण, शेवटी लाईव्हच करायला लागले, एकदम सगळ्यांना. जिला जे पायजे तिनं खाली लिवायचं, जावेचा नवरा रिक्षा चालवतो, तो पोचवून यायचा. अशी सुरुवात झाली.

तर आमच्या ह्यांनी एक दिवस जेवताना सांगितलं, हेमा, नारळी पौर्णिमेनंतर पयली मोठी पापलेट येईल ती अख्खी बोट तुज्या हातात देतो, फोनवर विकून दाखव. दुपारपर्यंत उरली तर शेठला, त्याच्या भावानं, आणि मंग ह्या घरात फोनचं नाव परत काढायचं नाय. मी बोलले, कबूल. सासू बोलली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी हसले.

आणि तिथंच फोननं दगा द्यायला सुरुवात केली. थोडीथोडकी मासळी दाखवायची तोपर्यंत ठीक होतं, पण जास्त वेळ लाईव्ह चाललं की फोन तव्यासारखा तापायचा, स्क्रीन काळपट, चित्र अडकत अडकत, चौकोन चौकोन दिसायचे. आता बगा, बंगाली बाई पापलेट घेताना आदी कल्ला बघते, लाल हाय का. माजा कल्ला लालभडक, आत्ता दर्यातून आलेला, आणि तिकडं तिला दिसतोय काळा! ती लिवते, दीदी, बासी है. बासी? माज्या मासळीला बासी? असा राग आला मला, वाटलं ह्या फोनलाच कालवणात घालावं.

त्या रागात मी काय केलं, ऐका, हसू नका. आमच्याकडं गरम होणाऱ्या चीजेला एकच औषध, बर्फ. मासळी बर्फात, सरबत बर्फात, पोराला टेंगूळ आलं तरी बर्फ. मी तो तापलेला फोन उचलला, पिशवीत गुंडाळला आणि पापलेटाच्या पेटीत, बर्फात खुपसला. छान गार झाला. इतका गार की परत उठलाच नाय. सासूनं सगळ्या किनाऱ्याला सांगितलं, सुनेनं फोन खारवला. हसणं चाललं दिवसभर.

बोईसरला स्टेशनाजवळ एक दुरुस्तीवाला हाय, बनारसचा, मिश्राजी. त्यानं फोन उघडला, आत घाम आल्यासारखं पाणी. बोलला, मौसी, ये फोन है, मछली नहीं. गरम फोन एकदम गार झाला की आतल्या हवेचं पाणी होतं, कोळणीला एवढं माहीत नाय का, गार बाटलीला बाहेरून पाणी सुटतं ते. मंग मला बसवून, चहा मागवून सांगितलं त्यानं. फोनच्या पोटात नखाएवढी चिप असते, व्हिडिओ बनवायचा, दाबून बारीक करायचा, टॉवरकडं पाठवायचा, सगळं तीच करते. जितकी बॅटरी खाते तितकी तापते. तिला ना पंखा, ना पाणी. जास्त तापली की जळू नये म्हणून आपली आपणच हळू होते, तेव्हा चित्र अडकतं. मी बोलले, म्हंजे बिचारी आजारी नाय, दमलेली हाय! तो बोलला, बस, यही बात है. आणि सांगितलं, सगळ्यात जोरात पळणारी चिप बघू नको मौसी, तेवढंच काम थोड्या बॅटरीत करणारी बग.

जुना फोन काय सुधरला नाय, नवाच घ्यायचा होता. आता हे दुकानात कसं ओळखायचं? मी गेले, संगं जाव आणि सासू. सासू का आली, तर मी परत काय खारवते ते बघायला. दुकानातला विकणारा चांगला पोरगा होता, लग्नाळू, बोलला, मावशी, हा घ्या, सगळ्यात फास्ट, ह्याच्या स्पीडचा नंबर सगळ्यात मोठा. मी बोलले, भाऊ, मला पळवायचा नाय, उभा करायचाय. किती वेळ उन्हात उभा राहतो सांग. तो डोकं खाजवायला लागला. बोलला, असं कोणी विचारलं नाय कदी. मंग त्याचंच डोकं चाललं. दुकानात दाखवायला ठेवलेले तीन फोन त्यानं काढले, बाहेर रस्त्यावर स्टूल मांडलं, तिघांवर एकदमच व्हिडिओ चालू केला, तिघंही उन्हात.

ताई, काय गंमत सांगू! माणसं जमली. कामावरून सुटलेले कामगार, भाजीवाली, रिक्षावाले, सगळे गोल करून. पैजा लागल्या, मी काळ्यावर, मी निळ्यावर. सासू मधोमध स्टुलाजवळ, प्रत्येक फोनच्या पाठीला हात लावून बघणार, जसा ताप बघतात. मोठ्या नंबरचा तो काळा फोन सुरुवातीला काय चकाचक, काय चित्र! पण थोड्या वेळानं सासू ओरडली, हा तापला गं! आणि त्याची स्क्रीन मंद झाली, चित्र अडखळलं. मंग दुसरा गेला. मधल्या किमतीचा निळा, साधा दिसणारा, तो आपला शांत, चालतोच हाय, चालतोच हाय. तो पोरगा स्वतः टाळ्या वाजवायला लागला. सासू बोलली, हाच घे, ह्याचं अंग गार हाय. मी घेतला.

आणि तेवढ्यावर नाय बसले. मिश्राजीनं आणखी सांगितलं होतं ते केलं. कव्हर काढून टाकलं, गरमी बाहेर जायला नको का? चार्जिंग लावून लाईव्ह करायचं नाय. आणि किनाऱ्याच्या खालच्या अंगाला रेंज कमी, तिथं फोन टॉवर शोधून शोधून दमतो, म्हणून जागा बदलली, वर धक्क्यावर गेलो, तिथं रेंज भरपूर. राहिलं ऊन. त्याला छत्री. पण छत्री धरणार कोण? सगळ्यांचे हात मासळीत. सासू कुरकुरत बोलली, आण इकडं, म्हातारीला तेवढंच काम.

पौर्णिमा झाली, दर्यात नारळ पडला, बोटी गेल्या. आमची आली ती भरून, असं पापलेट, चांदीच जणू. शेठचा टेम्पो उभाच होता. शेठ हसत होता, बोलला, पार्वताय, दुपारी येतो, तुमचा सिनेमा संपला की. सासूनं छत्री उघडली. मी लाईव्ह चालू केलं. एकेक पापलेट उचलायचं, कल्ला उघडायचा, लाल, बघा, लाल! तिकडून लिवणं सुरू, दीदी दो, दीदी चार, दीदी मेरे लिए रखना. ऊन चढलं, मी मागून फोनला हात लावून बघते, कोमट. कोमट! चित्र एकदा पण अडकलं नाय. माजा घसा बसला तेव्हा सासूनं छत्री जावेच्या हातात कोंबली आणि स्वतः पुढं आली. ए बंगालीण, ती बोलली, हे बघ, डोळा बघ ह्याचा, तुज्याकडंच बघतोय! हिंदी तिला येत नाय, तरी ऑर्डरी दुप्पट.

दुपार व्हायच्या आत सगळ्या पेट्या रिकाम्या. रिक्षा सरावलीला फेऱ्या मारून दमली, फोन नाय दमला. शेठ आला, पेटीत डोकावला, खाली फक्त बर्फाचं पाणी. आमचे हे जाळं धुत होते, त्यांनी मान वर केली आणि माज्याकडं बघून नुसते हसले. तेवढं हसणं मला लग्नात पण मिळालं नव्हतं, खरं सांगते. मी तिथंच धक्क्यावर बसले आणि रडले, आनंदानं.

आता काय, मुरब्याच्या बऱ्याच बाया लाईव्ह करतात, मीच शिकवलं, कव्हर काढा, सावलीत धरा, बर्फात घालू नका. आमच्या बोटीचा फोन मात्र माज्या हातात येत नाय, तो सासूकडं. परवाचीच गोष्ट, शेठ स्वतः आला, नरमून, टोपलीकडं बोट करून बोलला, पार्वताय, ह्याचा भाव काय घेणार? एवढ्या वर्षांत पयल्यांदा त्यानं विचारलं. सासूनं लाईव्ह थांबवलं नाय, फोन सरळ त्याच्या तोंडाकडं फिरवला आणि बोलली, बाया आदीपासून थांबल्यात, तुजं नाव खाली लिव, नंबर आला की सांगते. तो खरंच फोन काढून लिवायला लागला, ताई. दर्या सगळ्यांचं भलं करो, त्याचं पण करो, पण नंबर आल्यावर.