चूलबंद आवतन

शिरपूर जैनच्या स्टँडवर रिठदच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी बाप आणि लेक. त्याच्या मांडीवर लग्नपत्रिकांची पिशवी, तिच्या मांडीवर लॅपटॉप.

“उज्ज्वला, सोताच्या लग्नाचं आवतन द्याले निंघालो आपन. आतातरी ठेव ते.”

“झालंच, बाबा. आमचा कोड ठेवाच्या रिपॉझिटरी असतात, कप्प्यांसारख्या. आंधी एकेकाची कॉपी काढा लागे. आता गटाचं नाव टाकून एक ओळ टाइप केली, का सगळ्या गटाची कॉपी एकदम.”

“म्हंजे चूलबंद आवतन! त्या घरी चूल पेटवाचीच नाई, सारे आपल्याकडं जेवाले.”

“अगदी तसंच.”

“अन् एखाद्याले वगळा लागलं तं? तुह्या दौलतकाकाच्या घरचे मले सारे पायजेत, फक्त तो सोता नको. साखरपुड्यात वांग्याच्या भाजीले नावं ठेवली त्यानं.”

“वगळाची सोय नाई ठेवली मी. एक कप्पा सुटला, का बाकीचे चालत नाईत.”

“घरातले चालतात. काकू येईन, पोरं येतीन.”

“अन् काकू इकडं आल्यावर काकाले कोन रांधून घालीन?”

“त्याले तं चहाबी जमत नाई.”

“मंग?”

“उपाशी बसन, पन बिनबोलावता येनार नाई. लहानपनापासून तसाच हाये.”

“मंग, बाबा?”

“उठ, गाडी लागली. चूलबंदच सांगू. पन तू सांगजो. मी पिशवी धरून उभा राह्यतो.”

“अन् काका तुमच्याशी बोलले तं?”

“तं म्हनीन, लग्नातली भाजी तूच पाह्य.”